तोडीस तोड

प्रस्तावना

गावच्या जत्रेतील कुस्त्यांचा फड तुम्ही पाहिला असेल. दोन मल्लांचे हात एकमेकांच्या हातात देण्यापूर्वी जाणती मंडळी त्यांची उंची, अंगलट आणि वय न्याहाळून घेतात. याला 'जोड लावणे' असे म्हणतात. जोड विजोड वाटली, तर कुस्ती सुरू होण्याआधीच प्रेक्षकांत गलका होतो. पैसे मोजून आलेल्या माणसाला एकतर्फी झुंज नको असते.

मुष्टियुद्धाच्या शौकिनांनाही हाच प्रश्न पडतो. विजेत्यासमोर उभा केलेला माणूस खरोखर त्याच्या तोडीचा आहे, की केवळ हरण्यासाठी त्याला आणले आहे? प्रस्तुत पाठात असा एक वाद आपण ऐकणार आहोत. वाद घालणारी माणसे काल्पनिक आहेत. सामने, तारखा व आकडे मात्र खरे आहेत. वाचताना कोण काय म्हणतो यापेक्षा तो ते कशाच्या आधारावर म्हणतो, इकडे अधिक लक्ष द्या.

मूळ पाठ

ऑगस्ट २०२२ मधील एक संध्याकाळ. जबलपूरच्या सदर भागातील चहाच्या टपरीवर पावसामुळे तिघे जण अडकून पडले होते. एक सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, दुसरा तोफगाड्यांच्या कारखान्यात काम करणारा त्यांचा भाचा आणि तिसरा भाच्याचा मित्र. जबलपूर हे लष्करी शहर. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या रेजिमेंटांची प्रशिक्षण केंद्रे तेथे आहेत. सैन्यात मुष्टियुद्धाला मोठा मान असतो. सुभेदारांनीही तरुणपणी हातमोजे चढवले होते आणि नाकाचे हाड मोडून घेतले होते.

विषय होता रायपूरच्या सामन्याचा. छत्तीसगढ वेगळे होण्यापूर्वी, म्हणजे २००० सालापर्यंत, रायपूर मध्यप्रदेशातच होते. त्यामुळे जबलपूरकरांना तो सामना जवळजवळ घरचाच वाटत होता. १७ ऑगस्टला तेथे विजेंदर सिंग घानाच्या एलियासू सुले याच्याशी लढणार होता.

"विजेंदरचे काही खरे नाही," मित्र म्हणाला. "सुले आठ सामने खेळला आहे. आठही जिंकला, आणि आठही नॉकआउटने! विजेंदर छत्तीस वर्षांचा झाला. मागचा सामनाही तो हरलेला आहे."

"आठ जिंकला, पण कोणाविरुद्ध?" भाच्याने विचारले. "त्यातल्या एकाचे तरी नाव सांगशील? दुबळ्यांना पाडून कोणीही आकडा फुगवू शकतो. आपल्या माणसाला जिंकवण्यासाठी आणलेला कागदी वाघ आहे तो. मामा, तुम्हीच सांगा."

सुभेदार लगेच बोलले नाहीत. चहाचा पेला खाली ठेवून त्यांनी उलट विचारले, "तुम्ही दोघांनी त्याला खेळताना पाहिले आहे का?"

दोघेही गप्प झाले.

येथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घेऊ. हा वाद हौशी मुष्टियुद्धात फारसा होत नाही. व्यावसायिक मुष्टियुद्धात नेहमी होतो. ऑलिंपिकमध्ये कोणाची गाठ कोणाशी पडणार हे सोडत ठरवते. २००८ साली बीजिंगमध्ये ७५ किलो वजनगटात विजेंदरने इक्वेडोरच्या कार्लोस गोंगोराला हरवून उपान्त्य फेरी गाठली. तेथे क्यूबाच्या एमिलिओ कोरियाकडून तो ५–८ असा पराभूत झाला. पण भारताला मुष्टियुद्धातील पहिले ऑलिंपिक पदक त्याने मिळवून दिले. त्या वेळी कोरिया हा 'खरा' प्रतिस्पर्धी आहे का, असे कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणच नव्हते.

व्यावसायिक खेळात सामने प्रवर्तक ठरवतो. त्याला तिकिटे विकायची असतात, आपल्या खेळाडूचे नाव मोठे करायचे असते. नव्या खेळाडूला सुरुवातीला सोपे प्रतिस्पर्धी देणे यात गैर असे काही नाही. पोहायला शिकणाऱ्याला कोणी पहिल्याच दिवशी भेडाघाटच्या धुवाँधारात लोटत नाही. मात्र सोपा सामना कठीण म्हणून विकला गेला, की शौकिनाला फसवणूक झाल्यासारखे वाटते. विजेंदरने १० ऑक्टोबर २०१५ रोजी मँचेस्टरमध्ये पहिला व्यावसायिक सामना जिंकला आणि त्यानंतर त्याच्या जवळपास प्रत्येक सामन्याआधी हा संशय कोणी ना कोणी बोलून दाखवला.

सुभेदारांना हे सामने तोंडपाठ होते. बोटांवर मोजत ते सांगू लागले.

"डिसेंबर २०१६, दिल्ली. समोर टांझानियाचा फ्रान्सिस चेका. त्रेचाळीस सामन्यांचा अनुभव, त्यांपैकी बत्तीस विजय. विजेंदरचे तेव्हा अवघे सात सामने झाले होते. सगळे म्हणाले, आता खरी परीक्षा. काय झाले? तिसऱ्या फेरीत खेळ संपला. बरोबर?"

"हो मामा."

"आता मुंबई. ५ ऑगस्ट २०१७, वरळी. समोर चीनचा झुल्पिकार मैमैतियाली, वय तेवीस, सामने मोजकेच. त्या वेळी सीमेवर डोकलामचा तणाव होता. 'चिनी माल टिकत नाही' असे विनोद घरोघरी चालले होते. तो पोरगा दहाच्या दहा फेऱ्या टिकला!"

हा मुंबईचा सामना जरा सविस्तर पाहण्याजोगा आहे. मुष्टियुद्धात साधारणपणे फेरी जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला नऊ गुण मिळतात. त्या रात्री एका गुणलेखकाने ९६–९३ आणि उरलेल्या दोघांनी प्रत्येकी ९५–९४ असे गुण दिले. तिन्ही पत्रिकांवर विजेंदरच जिंकला. पण दोघांच्या मते अंतर केवळ एका गुणाचे होते. कमरेखाली ठोसे मारल्याबद्दल मैमैतियालीचा एक गुण कापला गेला होता. तो कापला नसता, तर त्या दोन पत्रिकांवर बरोबरी दिसली असती. ज्याची थट्टा झाली, त्याने विजेत्याला काठावर आणून ठेवले होते. सामन्यानंतर विजेंदरने जिंकलेला पट्टा परत देण्याची तयारी दाखवली आणि दोन्ही देशांत शांतता नांदावी अशी इच्छा व्यक्त केली. आदल्या आठवड्यातील विनोदांपेक्षा त्याचे हे वागणे कितीतरी भारदस्त होते.

"आणि गोवा," भाचा हळूच म्हणाला. तो पराभव त्याच्या जिव्हारी लागला होता.

१९ मार्च २०२१. पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या जहाजाच्या छतावर रिंगण बांधले होते. विजेंदर तोपर्यंत बारा सामने खेळून अपराजित होता. समोर रशियाचा आर्तिश लोप्सान. त्याच्या खात्यावर चार विजय, एक पराभव आणि एक बरोबरी. एवढ्या आकड्यांवरून कोणीही त्याला दुय्यमच ठरवले असते. पण आकड्यांच्या शेजारी आणखीही काही गोष्टी लिहिलेल्या होत्या. लोप्सान सव्वीस वर्षांचा होता, विजेंदर पस्तिशीत. लोप्सानची उंची सहा फूट चार इंच, म्हणजे त्याचा हात लांबून पोहोचणार. शिवाय नोव्हेंबर २०१९ नंतर विजेंदर एकही सामना खेळला नव्हता. पाचव्या फेरीत पंचांनी सामना थांबवला.

"म्हणजे ज्याचा आकडा मोठा तो तिसऱ्या फेरीत गेला, आणि ज्याचा लहान त्याने आम्हाला हरवले," मित्र म्हणाला. "मग आकडे पाहायचेच नाहीत का?"

"अरे, पाहायचे, पण पुरते पाहायचे," सुभेदार म्हणाले. "किती जिंकला हे एक. कोणाला हरवले, कुठे, किती वर्षांपूर्वी, अंगात आता किती दम आहे, हे दुसरे. चेकाचे त्रेचाळीस सामने अनुभव दाखवत होते, तसाच त्याच्या शरीराने खाल्लेला मारही दाखवत होते. तुम्ही एकच बाजू वाचलीत."

भाच्याला अजून पटले नव्हते. "पण मामा, 'हा प्रतिस्पर्धी कुचकामी आहे' एवढे म्हटले तर बिघडले कुठे? शौकिनांनी बोलायचेही नाही?"

सुभेदारांचा स्वर बदलला. त्यांनी १९८२ सालची हकिकत सांगितली. लास व्हेगासमध्ये रे मॅन्सिनी या अमेरिकन विजेत्यासमोर दक्षिण कोरियाचा किम दुक कू उभा होता. अमेरिकेत त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. हा कसला आव्हानवीर, असे म्हटले जात होते. १३ नोव्हेंबरच्या त्या लढतीत तो तेरा फेऱ्या तुल्यबळ झुंजला. चौदाव्या फेरीत कोसळला आणि मेंदूला झालेल्या दुखापतीने चार दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. जागतिक पदाच्या लढती तेव्हा पंधरा फेऱ्यांच्या असत. त्या घटनेनंतर त्या बारा फेऱ्यांवर आणल्या गेल्या.

"टपरीवर बसून आपण ज्याला कुचकामी म्हणतो," सुभेदार म्हणाले, "तो स्वतःला तसे समजत नसतो. तो जिंकायलाच आलेला असतो. आणि जोड खरोखर विजोड असेल, तर प्रेक्षकाचे शंभर रुपये बुडतात, पण त्याचा जीव जातो. म्हणून हा प्रश्न विचारलाच पाहिजे. फक्त तो प्रवर्तकाला विचारा, त्या पोराची टवाळी करू नका."

पाऊस ओसरला. मित्राने सुलेवर पैज लावायची तयारी दाखवली. सुभेदारांनी पैजेला नकार दिला. चहाचे पैसे मात्र त्यांनीच दिले.

१७ ऑगस्टच्या रात्री रायपूरच्या बलबीर सिंग जुनेजा बंदिस्त क्रीडागारात विजेंदरने सुलेला दुसऱ्याच फेरीत नॉकआउट केले. दुसऱ्या दिवशी भाचा विजयी मुद्रेने मामांकडे आला.

"पाहिलंत ना मामा? मी म्हणालो होतो, कागदी वाघ!"

"तू बरोबर ठरलास," सुभेदार म्हणाले. "पण एक सांग. लोप्सानबद्दलही तू हेच म्हणाला होतास की नाही?"

भाचा हसला. मग थोडा विचार करून म्हणाला, "सुले दुबळा होता, की विजेंदरचा ठोसा त्या दिवशी तसा जोरदार बसला, हे कसे ओळखायचे?"

"बस," सुभेदारांनी खुर्ची पुढे सरकवली. "आता सामना पुन्हा लावू आणि नीट पाहू."

शब्दार्थ

जोड लावणे – झुंजीसाठी दोन तुल्यबळ मल्ल निवडणे. विजोड – न जुळणारी (जोडी). तोडीचा – बरोबरीचा. प्रवर्तक – सामना ठरवणारा व भरवणारा. सोडत – चिठ्ठ्या टाकून केलेली निवड. कागदी वाघ – वरवर भीतिदायक, प्रत्यक्षात दुर्बल. जिव्हारी लागणे – मनाला खोलवर बोचणे.

पाठावर आधारित प्रश्न

१. ऑलिंपिकमधील प्रतिस्पर्ध्याविषयी जो संशय घेतला जात नाही, तो व्यावसायिक सामन्यात का घेतला जातो?

२. लोप्सानच्या बाजूने असलेल्या कोणत्या गोष्टी विजय-पराजयाच्या आकड्यांत दिसत नव्हत्या?

३. "तुम्ही एकच बाजू वाचलीत" असे सुभेदार कशासंबंधी म्हणतात? तुमच्या शब्दांत लिहा.

४. रायपूरच्या सामन्यानंतर भाच्याचे मत खरे ठरले. त्याचा युक्तिवादही बरोबर होता असे तुम्हाला वाटते का? आठ ते दहा ओळींत उत्तर लिहा.

उपक्रम : तुमच्या गावातील कुस्ती, कबड्डी किंवा अन्य एखाद्या खेळाचा आगामी सामना निवडा. दोन्ही बाजूंची माहिती जमवून 'ही जोड बरोबर आहे का?' यावर सामन्याआधीच आपले मत कारणांसह लिहून ठेवा. सामना झाल्यावर ते पुन्हा वाचा व कोणते कारण टिकले, कोणते टिकले नाही, ते समासात नोंदवा.