निकोटिनच्या तंत्राने चालणारा दिवस

सिगारेटचे व्यसन जडलेल्या मनुष्याचा दिवस इतरांप्रमाणेच घड्याळाच्या काट्यांवर चालतो असे वरवर दिसते. वस्तुतः तो त्याच्या रक्तातील निकोटिनच्या चढउतारावर चालत असतो. चेन्नई शहरातील एखाद्या कारकुनाचे उदाहरण घेऊ. अंथरुणातून उठताच पहिली सिगारेट, फिल्टर कॉफीबरोबर दुसरी; तिसरी बसथांब्याजवळच्या पेट्टिक्कडैवर, म्हणजे पान, केळी आणि सुट्या सिगारेटी विकणाऱ्या टपरीवर. अशा टपरीच्या खांबाला काथ्याची धुमसती दोरी टांगण्याची तिकडे जुनी पद्धत आहे. काडीपेटी जवळ नसली तरी गिऱ्हाइकाचे अडत नाही. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करणारे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर लागू झाले. त्यामुळे कचेरीत त्याला सिगारेट ओढता येत नाही. परंतु दर दीड-दोन तासांनी तो हातातले काम बाजूस सारून फाटकाबाहेर जातो.

दीड-दोन तासांनीच का? धूर छातीत ओढल्यावर अवघ्या दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. मेंदूतील पेशींवर ॲसिटिलकोलीन नावाच्या नैसर्गिक द्रव्यासाठी काही ग्राहक असतात. निकोटिन त्यांनाच जाऊन चिकटते, त्यामुळे डोपामीन हे द्रव्य स्रवते आणि क्षणभर बरे वाटते. मात्र रक्तातील निकोटिन सुमारे दोन तासांत निम्मे होते. आठ तासांच्या झोपेनंतर तर जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. म्हणूनच उठल्यापासून पहिली सिगारेट पेटवीपर्यंत किती मिनिटे जातात, या साध्या प्रश्नावरून व्यसनाची तीव्रता अजमावता येते. कार्ल फागरस्ट्रॉम या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या प्रश्नावलीत या प्रश्नाला मोठे महत्त्व आहे. पाच मिनिटांच्या आत हात पाकिटाकडे जात असेल, तर व्यसन खोल रुजले आहे असे समजावे.

निकोटिनचा मारा नित्याचा झाला की मेंदूतील या ग्राहकांची संख्या वाढते. मग निकोटिन कमी पडताच चिडचिड, अस्वस्थता आणि कामात लक्ष न लागणे ही लक्षणे उद्भवतात. नवी सिगारेट पेटविली की ती शमतात. ‘सिगारेटने मन शांत होते’ या सार्वत्रिक समजुतीचे मूळ येथे आहे. वास्तविक निकोटिन हे उत्तेजक आहे; सिगारेट ओढण्यापूर्वी आणि नंतर नाडी मोजली, तर ती नंतर जलद झालेली आढळते. आधीच्या सिगारेटने निर्माण केलेली बेचैनी पुढची सिगारेट तात्पुरती दूर करते. हे कर्ज फेडण्यासाठी पुन्हा कर्ज काढण्यासारखे आहे.

या व्यवहाराची खरी किंमत काय, याचे एक मोठे मोजमाप याच प्रदेशात झाले. डॉ. वेंधन गजलक्ष्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेन्नई शहर व विळुप्पुरम जिल्ह्याचा ग्रामीण भाग येथील सुमारे ४३ हजार मृत पुरुषांच्या धूम्रपानाच्या सवयीची माहिती मिळविली आणि ३५ हजार हयात पुरुषांशी तिची तुलना केली. २००३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. धूम्रपान म्हटले की आपल्या मनात कर्करोग येतो. येथे मात्र क्षयरोग पुढे आला. शहरातील २५ ते ६९ वर्षे वयाच्या पुरुषांत क्षयाने मरण्याचे प्रमाण धूम्रपान न करणाऱ्यांपेक्षा करणाऱ्यांत सुमारे साडेचारपट होते. भारतातील पुरुषांच्या क्षयमृत्यूंपैकी जवळजवळ निम्म्यांना धूम्रपान कारणीभूत असावे, असा अंदाज या संशोधकांनी मांडला. याची कारणमीमांसा अवघड नाही. श्वासनलिकांच्या आतील सूक्ष्म केस धूळ व जंतू बाहेर लोटतात, आणि फुप्फुसांतील भक्षक पेशी उरलेल्यांचा समाचार घेतात. धुराने ही दोन्ही संरक्षणे दुबळी होतात, आणि वर्षानुवर्षे शरीरात निद्रिस्त असलेला क्षयाचा जंतू डोके वर काढतो. क्षयाच्या रुग्णाला घरी राहूनही औषधोपचाराने बरे करता येते, हे ज्या शहरातील १९५६ पासूनच्या प्रयोगांनी जगाला दाखवून दिले, तेच हे शहर!

सिगारेट सोडताना पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. तीन-चार आठवड्यांत बहुतेक शारीरिक लक्षणे ओसरतात. येथे कॉफीप्रेमी मनुष्याने एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. धुरातील काही द्रव्यांमुळे यकृत कॅफीनचा निचरा अधिक वेगाने करीत असते. धूम्रपान थांबले की हा वेग मंदावतो, आणि नेहमीइतकीच कॉफी घेऊनही रक्तातील कॅफीन बरेच वाढते. त्यातून होणारी धडधड आणि निद्रानाश सिगारेट सोडल्यामुळेच झाला असे वाटून कित्येकजण पुन्हा सिगारेटकडे वळत असतील. तेव्हा त्या दिवसांत कॉफी निम्म्यावर आणणे इष्ट.

निकोटिनयुक्त च्युइंगगम किंवा त्वचेवर लावावयाच्या पट्टीने निकोटिन सावकाश मिळते व लक्षणे सौम्य होतात. अड्यार येथे डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांनी १९५४ साली सुरू झालेल्या कर्करोग संस्थेत २००२ साली तंबाखूमुक्ती केंद्र निघाले. त्या वर्षी देशात उघडलेल्या तेरा केंद्रांपैकी ते एक होय. अशा केंद्रांत औषधांबरोबर सवयीचाही विचार करतात, कारण शरीर निकोटिन विसरले तरी मन प्रसंग विसरत नाही. कॉफीचा वास, जेवणानंतरचा निवांतपणा, टपरीवरचा स्नेही यांपैकी एखादी खूणही तीन महिन्यांनंतर तल्लफ जागी करू शकते. ती बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी पिण्यात किंवा चालण्यात घालवावा, आणि पहिले काही आठवडे बसथांब्याकडे जाण्याचा रस्ताच बदलावा.