किर्लोस्करवाडी : एका कारखानदाराचें घर

कारखानदाराचें घर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एखादा भव्य बंगला उभा राहतो. परंतु लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें घर पाहावयाचें तर एक सबंध गांवच पाहावें लागेल. औंध संस्थानची राजधानी सातारा जिल्ह्यांत असली, तरी त्याचा मुलूख विखुरलेला होता. त्याच मुलखांतील हें गांव आज सांगली जिल्ह्यांत मोडतें.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांवजवळील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकला शिकण्यास ते मुंबईस गेले. पण कांहीं रंगांतील भेद त्यांस ओळखतां येईना. तेव्हां रंग सोडून त्यांनीं यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्याची विद्या हस्तगत केली. पुढें बेळगांवीं सायकलींचें दुकान घालून त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन विषारी होते, या समजुतीनें शेतकरी प्रथम नांगरास हात लावीनात. हा गैरसमज दूर होत आहे तोंच नगरपालिकेनें नव्या वस्तीसाठीं कारखान्याची जागा सोडण्यास सांगितलें.

या संकटसमयीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि साह्यास धांवले. त्यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळील ३२ एकर माळ दिला व १०,००० रुपये कर्जाऊ दिले. १९१० सालीं लक्ष्मणराव तेथें आले, तेव्हां सोबत २५ कामगार व त्यांचीं कुटुंबें होतीं. माळावर निवडुंग माजला होता आणि नागसापांचा सुळसुळाट होता. तो साफ करून या मंडळींनीं कारखाना व घरें यांची उभारणी बरोबरच केली. वस्तीची व्यवस्था बंधु रामूअण्णा यांनीं पाहिली.

या घराचा उंबरठा सर्वांस मोकळा होता. तेथें अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांसही पहाऱ्याचें काम विश्वासानें सोंपविलें जाई. समाजानें ज्यास दाराबाहेर ठेविलें, त्याच्याच हातीं रात्रीं दाराचें रक्षण सोंपविणें ही सामान्य गोष्ट नव्हे. १९२० सालीं येथूनच ‘किर्लोस्कर खबर’ हें मासिक निघालें आणि वाडीचें नांव मराठी घरोघर पोंचलें.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजीं निवर्तले. वाडींत आजही पंप तयार होतात, आणि रेल्वेचें स्टेशनही आतां किर्लोस्करवाडी हेंच नांव धारण करितें. स्वतःची जागा गमावलेल्या गृहस्थानें पुन्हां घर बांधतांना प्रथम आपल्या कामगारांच्या निवाऱ्याचा विचार केला, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानीं ठेवावें. यंत्रें विकत आणतां येतात. माणसांचा विश्वास मात्र रोजच्या वागणुकीनेंच मिळवावा लागतो.