रोजावर भुलू नकोस, वर्षाचा हिशेब मांड

बाळा, अंबड एमआयडीसीतली ठेकेदाराकडची नोकरी सोडून स्वतःचं वायरिंगचं काम धरायचं तुझ्या मनात आहे, असं तुझ्या आईकडून कळलं. तुझा सवालही तिने सांगितला. मला महिन्याला पंधरा हजार आणि बाहेरचा वायरमन दिवसाचे नऊशे घेतो, मग मी इथे का घासत बसू? सवाल रास्त आहे. ठेकेदाराच्या हजेरीवर मीही राबलोय आणि पुढे उभा जन्म स्वतःची कामं घेतलीत, म्हणून चार गोष्टी सांगतो. मामा म्हणून तुला सांगतोय, पण प्लंबर, सुतार, गवंडी, वेल्डर अशा हाताने कमावणाऱ्या प्रत्येक पोराने त्या ऐकाव्यात असं मला वाटतं.

आधी वर्षाचा हिशेब मांड

एक वही घे आणि दोन रकाने पाड. पहिल्यात नोकरी. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून पंधरा हजार धरू. पीएफचे बारा टक्के म्हणजे १,८०० आणि ईएसआयसीचे पाऊण टक्का म्हणजे ११३ रुपये कापून साधारण १३,०८७ उरतात. हा आकडा बघून माणूस खचतो. पण मालकाने तुझ्या नावावर आणखीही भरायचं असतं. पीएफ-पेन्शनचे त्याच्याकडून १,८०० म्हणजे वर्षाचे २१,६००. ईएसआयसीचे सव्वातीन टक्के म्हणजे वर्षाचे ५,८५०. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराएवढी, म्हणजे ८,६५० च्या आसपास. पगाराचे १,८०,००० आणि हे सगळं मिळवलं की वर्षाला २,१६,१०० होतात. बोनस यात धरलेलाच नाही.

दुसऱ्या रकान्यात स्वतःचं काम. वर्षातले बावन्न आठवडी सुट्टीचे दिवस सोडले की ३१३ उरतात. सणवार, आजारपण, पावसाळ्यातली मंदी, काम बघायला मारलेल्या चकरा, बिलाच्या वसुलीत गेलेले दिवस वजा कर. काम जोरात चालणाऱ्या वायरमनचेही भरल्या मजुरीचे २२० दिवस पदरात पडले तर पुष्कळ. नऊशेने ते १,९८,००० झाले. त्यातून पेट्रोल, फोन, हत्यारांची झीज, ड्रिलचे बिट, कटरची पाती, विमा यांचे महिना साडेतीन हजार धरले तर वर्षाचे ४२,००० गेले. उरले १,५६,०००. म्हणजे नऊशेचा वायरमन तुझ्यापेक्षा वर्षाला साठ हजारांनी मागे आहे.

नोकरीतला तुझा दिवस सव्वीसने भागला तर ५७७ रुपयांचा. त्याची बरोबरी करायला बाहेर जवळजवळ १,१७५ चा रोज पडायला हवा. ही खूणगाठ बांध. नोकरीतल्या रोजाच्या दुप्पट मिळाले तर जेमतेम बरोबरी आणि त्यावर मिळेल ती खरी वाढ. ज्यांनी हा हिशेब मांडला नाही, ते स्वतःच स्वतःचे कंजूस ठेकेदार झाले. २०२३-२४ च्या सरकारी श्रमशक्ती पाहणीत देशातले ५८ टक्क्यांहून जास्त कामकरी स्वयंरोजगारात दिसतात, तरी त्यांची सरासरी मिळकत नियमित पगारदारांपेक्षा कमीच आहे. धंदा आपला असला म्हणजे पैसा आपोआप येतो, असं नसतं.

राजीनाम्याआधी पगाराची स्लिप वाच

वरचा पहिला रकाना खरा कधी? मालक सगळं भरत असेल तेव्हा. पुष्कळ ठिकाणी तो भरत नाही, आणि कष्टकऱ्याचा पगार कमी राहण्याचं खरं दुखणं तिथेच आहे. कंपनी ठेकेदाराला देते, ठेकेदार पोटठेकेदाराला, पोटठेकेदार मुकादमाला, आणि प्रत्येक हातात थोडं थोडं राहून उरलेलं तुझ्यापर्यंत येतं.

स्लिपवर चार गोष्टी बघ. पहिली, तुझी वर्गवारी. महाराष्ट्रात किमान वेतन कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा वर्गांनुसार आणि परिमंडळानुसार ठरतं. त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैला बदलतो. आयटीआय करून पॅनेल जोडणाऱ्या पोराला कागदावर ‘अकुशल’ दाखवायची चाल जुनी आहे. दुसरी, तास. बारा तास राबवून पंधरा हजार देत असतील तर डोळे उघड. आठ तासांप्रमाणे महिन्याचे २०८ तास, म्हणजे तासाला ७२ रुपये. वरच्या रोजच्या चार तासांचे महिन्याला १०४ तास होतात आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो. म्हणजे आणखी पंधरा हजार. तीस हजारांचं काम तू पंधरात करतोयस.

तिसरी, पीएफ. स्लिपवर कापलेला दिसतो म्हणून भरलेला असतोच असं नाही. यूएएन टाकून पासबुक उघड आणि महिन्यामागून महिना ताडून बघ. चौथी, ईएसआयसीचा नंबर. एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्याला त्यात घरच्यांसकट दवाखाना मिळतो आणि नियमात बसणाऱ्या आजारपणाच्या रजेत पगाराच्या सत्तर टक्के हाती येतात.

यातलं काही चुकत असेल तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज दे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे पुष्कळ पोरांना माहीतच नसतं. हक्काचे पैसे मागून घे आणि मगच राहायचं की निघायचं ते ठरव. चार-साडेचार वर्षं झाली असतील तर पाच भरेपर्यंत थांब, ग्रॅच्युइटी हातची घालवू नकोस. आणि निघालास तरी पीएफ काढून गाडी घेऊ नकोस. दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क लागतो. पुन्हा नोकरी धरलीस तर तीच सेवा पुढे जोडता येते.

आपल्या बिलावर आपली लेव्ही लाव

सगळ्यांत मोलाची गोष्ट मी माथाडींकडून शिकलो. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला ना कायम मालक, ना कायम पगार. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यात मालकाने मजुरी माथाडी मंडळात भरायची आणि त्या मजुरीवर लेव्ही वेगळी भरायची. त्या लेव्हीतून हमालाचा पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा आणि दवाखाना चालतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर काम करणाऱ्यालाही म्हातारपण आणि आजारपण असतं, आणि त्याचा खर्च मजुरीतच यायला हवा, हे त्या कायद्याने मान्य केलं.

तुला मंडळ नाही. तुझं मंडळ तूच. म्हणून दर ठरवताना मजुरीवर तुझी लेव्ही चढव आणि बिलाचे पैसे आले की त्याच दिवशी ती वेगळ्या खात्यात टाक. सुरुवातीला शंभरातले वीस बाजूला काढ. त्यातून आधी विमा. अपघात विम्याची सुरक्षा योजना वर्षाला २० रुपयांत आणि जीवन ज्योती ४३६ रुपयांत, दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे. बँकेत फॉर्म भरला की काम झालं. चाळिशीच्या आत आहेस तोवर अटल पेन्शन घे. बांधकामाच्या जागी वर्षात नव्वद दिवस भरत असतील तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदव. त्यासाठी कामाचे दाखले लागतात, ते दर कामाला मागून ठेव. पाच वर्षांनी मागायला गेलास तर कोणी देणार नाही.

दिवसावर जाऊ नकोस, कामावर जा

गिऱ्हाईक म्हणेल, “रोज किती घेणार?” रोज सांगितलास की अडकलास. हात चपळ चालला तर तुझंच नुकसान आणि रेंगाळला तर गिऱ्हाइकाचं. पॉइंटवर दर सांग आणि फक्त मजुरी की मालासह, ते आधी उघड कर.

“एकच पॉइंट वाढवायचाय गीझरचा,” असं म्हणतात. तो एक पॉइंट म्हणजे काय ते गिऱ्हाइकासमोर भिंतीवर पेन्सिलने आखून दाखव. डीबीपासून बाथरूमपर्यंत झिरी पाडायची, पाइप बसवायचा, बॉक्स बसवायचा, चार चौरस मिलिमीटरची वायर आणि सोबत अर्थिंगची वायर ओढायची, सोळा अँपिअरचा पॉइंट आणि वेगळा एमसीबी द्यायचा. मग झिरी बुजवायची, ते गवंड्याकडून की तुझ्याकडून? टाइल फुटली तर कोणाची? हे बोलून झाल्याशिवाय दर तोंडातून काढू नकोस. भिंतीवरची रेघ बघितली की तोच माणूस घासाघीस कमी करतो, कारण आपण कशाचे पैसे देतोय हे त्याला दिसतं.

दर कमी करायची वेळ आलीच तर कामही कमी कर. त्याच कामाचे पैसे तेवढे कमी केलेस, तर तोच दर सगळ्या सोसायटीत तुझ्या नावावर बसतो. वायर बारीक घालून किंवा अर्थिंग गाळून दर तर कधीच उतरवू नकोस. त्यात माणूस मरतो.

पैसे टप्प्याने, आणि लिहून

तोंडी ठरवायचं आणि लगेच व्हॉट्सअॅपवर पाठवायचं: काम काय, पॉइंट किती, दर काय, माल कोणाचा. विसार घेतल्याशिवाय माल उचलू नकोस. एक हिस्सा सुरुवातीला, एक वायर ओढून झाल्यावर, एक बोर्ड बसल्यावर, आणि टेस्टिंगनंतरचा शेवटचा हिस्सा इतका लहान ठेव की तो बुडाला तरी तुझी मजुरी बुडणार नाही. वाढीव काम निघालं की त्याचा दर त्याच दिवशी कळव. ओळखीतल्या माणसाला सूट द्यायची तर बिलात पूर्ण रक्कम लिहून खाली सूट दाखव. तुझ्या कामाची किंमत त्यालाही कळू दे.

कागद पक्के, कर्ज बेताचं

आयटीआयचं प्रमाणपत्र आणि वायरमनचा परवाना सांभाळ. पुढे विद्युत कंत्राटदाराचा परवाना काढायचं ध्येय ठेव. नव्या मीटरला परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, आणि सही ज्याची असते त्याचा भाव वेगळा असतो. उद्यम नोंदणी आधारवर ऑनलाइन होते आणि ती फुकट आहे, एजंटाला पैसे देऊ नकोस. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सेवेसाठी सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही.

हत्यारांसाठी मुद्रा योजनेच्या शिशू गटात पन्नास हजारांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, गवंडी, शिंपी असे अठरा व्यवसाय आहेत. वायरमन त्यात नाही, पण तुझा सुतारकाम करणारा मित्र बसतो. हत्यारांसाठी पंधरा हजार आणि पाच टक्के व्याजाने पहिलं एक लाखाचं कर्ज आहे, त्याला सांग. तू मात्र पहिल्या वर्षी हॅमर ड्रिल, वॉल कटर आणि चांगला मेगर यापलीकडे कर्ज काढू नकोस.

एकदम उडी मारू नकोस

नोकरी चालू ठेवून सुट्टीच्या दिवशी लहान कामं घे. रविवारची कामं सलग येऊ लागली आणि तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला की मग राजीनामा दे. गणपती-दिवाळीआधी घराघरांत रंगकाम आणि दुरुस्त्या निघतात, ती वेळ साधून बाहेर पड. भर पावसाळ्यात निघालास तर पहिले दोन महिने हात बांधून बसशील आणि पडेल त्या भावात कामं घेशील. एकदा पडलेला भाव चढवायला वर्षं जातात.

आणि मेन बंद करून टेस्ट लॅम्प लावल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही. कारखान्यात जखम झाली तर ईएसआयसी होतं. बाहेर पडलास की हात दुखावला त्या दिवसापासून कमाई बंद.

मदतनीस ठेवशील तेव्हा

काम वाढलं की तुला पोरगा ठेवावा लागेल. त्या दिवशी तू मालक झालास. त्याचा रोज बाजारात सगळ्यांत स्वस्त कोण मिळतो यावर ठरवू नकोस. हजेरी त्याच्यासमोर लिही, पगाराची तारीख चुकवू नकोस, उचल दिलीस तर तिचा हिशेब उघडा ठेव, वीस रुपयांचा अपघात विमा तू भर. गिऱ्हाइकाला दर सांगताना त्याचा रोज आणि त्याची लेव्ही आधी धर, मग तुझा नफा. वरून खालपर्यंत प्रत्येकाने आपल्या खालच्याच्या मजुरीतून वाचवलं, म्हणून तुला पंधरा हजारांत बारा तास राबावं लागलं. तुझ्या कामावर ते घडू देऊ नकोस. एवढं जमलं तर तू निघालास ते बरं केलंस, असं मी तुझ्या आईला ठणकावून सांगेन.