पूतिरोधक औषधे व रोग्याचे संरक्षण
(आरोग्यशास्त्र : वरच्या वर्गांसाठी पाठ)

साकोली तालुका हा धानाचा व तलावांचा प्रदेश होय. रोवणीच्या दिवसांत बांधीतील चिखल तुडवताना पायात काटा मोडतो, कापणीच्या वेळी विळ्याने बोट कापते. जखमेत माती शिरली म्हणजे तिच्याबरोबर डोळ्यांना न दिसणारे जंतूही शिरतात. अशा रोग्यास रुग्णालयात नेतात. परंतु तेथे अनेक रोगी एकत्र असतात आणि एकाच्या जखमेतील जंतू दुसऱ्याच्या जखमेत जाण्यास एक न धुतलेला हात पुरेसा होतो. बरा होण्यासाठी आलेला रोगी तेथेच नव्या रोगाने ग्रासला जाऊ नये, म्हणून पूतिरोधक औषधे वापरतात. पूति म्हणजे कुजणे. ते रोखणारे ते पूतिरोधक.

हे ज्ञान फार जुने नाही. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगो येथील रुग्णालयात अकरा वर्षांचा एक मुलगा आणला गेला. गाडीचे चाक पायावरून जाऊन त्याचे हाड मोडले होते व कातडीही फाटली होती. त्या काळी अशी जखम सडून पाय कापावा लागे किंवा रोगी दगावे. जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बॉलिक आम्लात भिजवलेली पट्टी ठेवली. जखम सडली नाही आणि सहा आठवड्यांत हाड जुळून आले. १८६७ मध्ये लिस्टर यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली.

मात्र औषध जवळ असूनही हयगय झाल्यास काय होते, याचा धडा १९०२ साली मिळाला. मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेत डॉ. हाफकिन यांच्या देखरेखीखाली प्लेगची लस तयार होत असे. त्या वर्षी ३० ऑक्टोबर रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांस ती टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. दोष प्रयोगशाळेवर आला. परंतु पुढे आढळून आले की, बाटली उघडण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेस त्यांचेच नाव देण्यात आले. गेलेले जीव मात्र परत आले नाहीत.

यावरून एक भेद ध्यानात घ्यावा. धनुर्वाताचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि साध्या पूतिरोधकाने ते मरत नाहीत. म्हणून शस्त्रक्रियेची हत्यारे दाबाखालील वाफेत, १२१ अंश सेल्सिअस उष्णतेवर, निदान १५ मिनिटे ठेवतात. फरशीसाठी फिनेल वापरतात. ते कातडीस लावू नये. कातडीसाठी पोव्हिडोन आयोडीन, क्लोरहेक्सिडीन व अल्कोहोल ही औषधे आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी औषध लावून ते वाळू देतात, कारण जंतू मरण्यास वेळ लागतो. शिवाय ओले अल्कोहोल पेट घेते. हातांसाठीचे अल्कोहोल शेकडा ६० ते ८० असावे. त्यात पाणी मुळीच नसेल तर जंतू नीट मरत नाहीत. प्रत्येक रोग्यास हात लावण्यापूर्वी व नंतर ते २० ते ३० सेकंद चोळावे. हात मळलेले असल्यास मात्र साबण व पाणी हेच खरे.

घरी जखम झाल्यास ती प्रथम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. शेण, माती वा राख लावू नये. जखम खोल असल्यास दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या लशीविषयी विचारावे.

शिक्षकांस सूचना : दोन मुलांच्या तळहातांस खडूची रंगीत पूड लावून त्यांना इतरांशी हस्तांदोलन करण्यास सांगावे. पूड किती हातांवर पोचली, ते वर्गास मोजू द्यावे. नंतर सर्वांकडून साबणाने हात धुवून घ्यावेत.

प्रश्न :
१. लिस्टर यांनी मुलाचा पाय कसा वाचविला?
२. मुलकोवाल येथे एकाच बाटलीची लस घातक का ठरली?
३. फिनेल व पोव्हिडोन आयोडीन यांच्या उपयोगात कोणता फरक आहे?
४. रुग्णालयात आप्तास भेटावयास जाताना तुम्ही कोणती काळजी घ्याल?