ताळेबंद खोटा निघाला, तर दाव्याला किती पैसे लागतात?

७ जानेवारी २००९. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेल्या रोकड आणि बँक-शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. आदल्या दिवशी १७९ रुपयांच्या आसपास बंद झालेला शेअर त्या संध्याकाळी चाळिशीला टेकला. ज्याच्याकडे ३०० शेअर होते, त्याचे एका दिवसात ४१ हजारांच्या वर गेले.

परत किती आले, ते शेअर कुठे घेतला होता यावर ठरलं. न्यूयॉर्कच्या बाजारात सत्यमचे डिपॉझिटरी शेअर घेतलेल्यांनी तिथे सामूहिक दावा लावला. २०११ मध्ये त्यात कंपनीने १२.५ कोटी डॉलर आणि तिचं ऑडिट करणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय फर्म्सनी २.५५ कोटी डॉलर मोजले. सांगलीत बसून मुंबईच्या बाजारातून तोच शेअर घेणाऱ्याच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. इथल्या गुंतवणूकदारांच्या एका संघटनेने राष्ट्रीय ग्राहक आयोगाचं दार ठोठावलं, पुढे सर्वोच्च न्यायालयही गाठलं. हाती काही लागलं नाही. त्या वेळी आपल्याकडे भागधारकांच्या सामूहिक दाव्याची तरतूदच नव्हती.

आता ती आहे. कंपनी कायदा २०१३, कलम २४५, १ जून २०१६ पासून लागू. नुकसानभरपाई कंपनीकडून, संचालकांकडून आणि अहवालात चुकीचं किंवा दिशाभूल करणारं विधान करणाऱ्या ऑडिटरकडून, त्याच्या फर्मसकट, मागता येते. पण वापर फारच थोडा झाला आहे. कारण विचाराल तर लोक ‘कोर्टाची फी’ म्हणतात. ते खरं नाही. फी ही या प्रकरणातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे.

आधी फुकटातली कामं उरका. सूचिबद्ध कंपनीचे वार्षिक अहवाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर पैसे न देता मिळतात. ज्या वर्षी शेअर घेतला त्या वर्षीचा आणि आधीच्या दोन वर्षांचे अहवाल उतरवून ठेवा. डिमॅटचं एकत्रित विवरणही फुकट मिळतं. जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स मात्र ब्रोकरकडून आताच मागून घ्या, पुढे ब्रोकरच धंदा बंद करतो आणि आपण शोधत बसतो. कंपनीने सरकारदरबारी भरलेली कागदपत्रं कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून बघता येतात. बाजार नियामक सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर तक्रार करायला पैसे पडत नाहीत, घटनेपासून वर्षाच्या आत करावी लागते आणि कंपनीने २१ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ऑडिटरविरुद्धची तक्रार, कंपनी सूचिबद्ध असेल तर, एनएफआरए या राष्ट्रीय नियामकाकडे. छोट्या खासगी कंपनीचा ऑडिटर असेल तर सनदी लेखापालांच्या संस्थेकडे. तिथे तक्रारीची फी २,५०० रुपये आहे.

या तक्रारींतून तुमचा पैसा परत येईल या भ्रमात राहू नका. नियामक दंड करतो, बंदी घालतो. दंड सरकारजमा होतो. सत्यममध्येच सेबीने २०१८ मध्ये प्राइस वॉटरहाउसवर दोन वर्षांची बंदी घातली आणि २०१९ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती उठवली. भागधारकाच्या खात्यात या सगळ्यातून एक रुपयाही जमा झाला नाही. तरी तक्रार करायचीच, आणि त्याचं कारण वेगळं आहे. पुढे सांगतो.

दावा राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, लावायचा. एकट्याने नाही. एकूण सभासदांच्या ५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी तेवढी माणसं हवीत. नाहीतर सूचिबद्ध कंपनीत २ टक्के भांडवल असलेले भागधारक. बिगरसूचिबद्ध कंपनीत हेच प्रमाण ५ टक्के. ठेवीदारांनाही १०० जणांची वाट खुली आहे. बँकांना मात्र हे कलम लागू नाही, आणि पतसंस्था तर कंपनीच नव्हे, तेव्हा बुडालेल्या पतसंस्थेचा ठेवीदार इथे येऊन उपयोग नाही. म्युच्युअल फंडामार्फत पैसे गुंतवलेले असतील तर कंपनीचा सभासद फंड आहे, तुम्ही नाही.

खरा खर्च या शंभर माणसांचा. सभासदांची नोंदवही सभासदाला फुकट बघता येते, प्रत हवी तर पानाला जास्तीत जास्त १० रुपये. पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यात वैयक्तिक भागधारकाचा पत्ता, ई-मेल, पॅन दाखवत नाहीत. नुसती नावं घेऊन माणूस शोधायचा कसा? मग व्हॉट्सअॅप गट, ओळखीचे ब्रोकर, वार्षिक सभेत भेटलेले चार जण. प्रत्येकाचं शपथपत्र, नोटरी, डिमॅटचा उतारा. संमतीपत्र आज पाठवतो म्हणणारे महिनाभर पाठवत नाहीत. हे काम करणाऱ्याचा वेळ कुठल्याही बिलात दिसत नाही, आणि बहुतेक दावे इथेच विझतात असं माझं मत आहे.

आता आकडे मांडू. न्यायाधिकरणाची फी चार आकडी असते. दिवाणी दाव्यासारखी ती मागणीच्या रकमेबरोबर चढत नाही. न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की सर्व सभासदांसाठी जाहीर नोटीस द्यावी लागते, एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक वर्तमानपत्रात. वकिलांची फी सुनावणीगणिक किंवा ठोक. मोठा सीनिअर उभा केला तर एका तारखेचेच लाख. निकालावर टक्केवारी घेणारा वकील आपल्याकडे नसतो, बार कौन्सिलचे नियम ते करू देत नाहीत. कोणी ‘जिंकलो तर तीस टक्के’ म्हणाला तर त्याला वकीलपत्र देऊ नका. अमेरिकेत नेमकी हीच पद्धत आहे आणि म्हणून तिथले दावे उभे राहतात.

उदाहरणापुरतं धरू: वकील १० लाख, फॉरेन्सिक ऑडिटर ५ लाख, नोटिसा, प्रवास आणि झेरॉक्स मिळून १ लाख. एकूण १६ लाख. शंभर जणांत वाटले तर माणशी १६,०००. सत्यमसारखं ४१,७०० रुपयांचं नुकसान असलेल्याला हा ३८ टक्के खर्च झाला, तोही आधी खिशातून आणि निकालाची खात्री नसताना. हजार जण असतील तर माणशी १,६००. माझा हिशेब सरळ आहे: माणशी खर्च नुकसानीच्या दहा टक्क्यांवर जात असेल तर माणसं वाढवा, नाहीतर थांबा. ठोक फी ठरवा आणि ती लेखी घ्या. एनसीएलटीचं कोणतं खंडपीठ, हे कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावर ठरतं. पुण्याच्या भागधारकाला हैदराबादच्या कंपनीसाठी हैदराबादच गाठावं लागेल. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या कंपन्यांसाठी मुंबई.

फॉरेन्सिक ऑडिटरला पाच लाख कशाचे? एका लिफाफ्याचे. ऑडिटरने बँकेला पत्र टाकून ‘या कंपनीची तुमच्याकडे अमुक ठेव आहे का’ असं विचारायचं असतं आणि बँकेचं उत्तर कंपनीच्या हाती न पडता थेट ऑडिटरच्या पत्त्यावर यायचं असतं. सत्यममध्ये बँकांच्या म्हणून दाखवलेल्या पावत्या आणि खातरजमेची पत्रं बनावट होती, आणि ऑडिटर कंपनीने पुढे केलेल्या कागदांवर विसंबले, असं अमेरिकेच्या नियामकाने नोंदवलं. ते पाकीट कोणाच्या हातून गेलं, कोणाच्या हातून आलं, एवढंच सिद्ध करायचं असतं. ऑडिटर फसवला गेला, की त्याने बघायचं टाळलं? पहिल्यात तो सुटतो, दुसऱ्यात अडकतो. अडचण अशी, की ही कामाची कागदपत्रं ऑडिटरच्याच कपाटात असतात.

म्हणून एनएफआरएची तक्रार. हा नियामक ऑडिटरची फाईल मागवू शकतो, आणि आदेश निघाला की त्यात त्या फाईलमधले उतारे येतात. आदेश संकेतस्थळावर फुकट असतो. तुमच्या वकिलाला तो आयता मिळाला तर पाच लाखांतले बरेचसे वाचतात.

ऑडिटरला प्रतिवादी करायचं आणखी एक व्यावहारिक कारण. कंपनी दिवाळखोरीत गेली की तिच्यावर नवा दावा लावायला स्थगिती येते, आणि तिजोरीत तसंही काही उरलेलं नसतं. कंपनी टिकली आणि तिनेच भरपाई दिली, तर ती जाते भागधारकांच्याच पैशातून. आजही शेअर धरून बसलेला माणूस एका खिशातून काढून दुसऱ्यात घालतो. ऑडिट फर्मचा पैसा मात्र बाहेरचा.

दावा लावायची मुदत साधारणपणे तीन वर्षं; घोटाळा लपवलेला असेल तर तो उघड झाल्या दिवसापासून मोजायची. अर्ज निव्वळ त्रास देण्यासाठी केला असं न्यायाधिकरणाला वाटलं, तर विरुद्ध पक्षाला १ लाखापर्यंत खर्च द्यावा लागतो. अपील ४५ दिवसांत.

अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिथल्या बाजारात भारतीय कंपनीचे डिपॉझिटरी शेअर घेतलेल्या मराठी वाचकांना वेगळं सांगतो. तिथे दावा मिटला की हक्काचा अर्ज भरायला एक डॉलरही लागत नाही, वकील आपली फी एकूण रकमेतून घेतो. फक्त तारीख चुकवू नका. तुमचे पैसे सोडवून देतो म्हणून आगाऊ शुल्क मागणारा फोन आला तर ठेवून द्या.

दावा जिंकलात तर खर्च कंपनीने किंवा दोषी व्यक्तीने सोसायचा, असं कलम २४५ सांगतं. शिवाय कलम १२५ प्रमाणे न्यायाधिकरणाने मंजूर केलं तर गुंतवणूकदार संरक्षण निधीतूनही कायदेशीर खर्च भरून मिळू शकतो. तेव्हा नोटरीच्या शंभर रुपयांपासून वकिलाच्या बिलापर्यंत प्रत्येक पावती, तारीख टाकून, पहिल्या दिवसापासून एका फाईलला लावा.