माप आणि मुलूख

प्रश्न : माझं माहेर निलंग्याचं, सासर नांदेडचं. गेली दोन वर्षं मी दोन मासिकांची वर्गणी भरते आहे. एक मराठी, एक इंग्रजी. दोन्ही घेतली ती पाककृतींसाठीच. दोन वर्षांत ४६ अंक हाती आले. परवा बसून मोजलं, तर त्यातून मी केलेले पदार्थ नऊ भरले आणि त्यातले पुन्हा केले असे तीनच. दोन्ही वर्गण्या पुढच्या महिन्यात संपताहेत. आमच्या भिशीत अकरा जणी आहेत, त्यातल्या चौघींची हीच अडचण आहे. कोणतं मासिक ठेवावं आणि कोणतं सोडावं, हे ओळखायचं कसं? की फोनवर सगळं फुकट मिळतं म्हणून वर्गणीच बंद करावी?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : तुम्ही केलेले पदार्थ मोजलेत, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. वर्गणी भरणाऱ्या फार थोड्या जणी असं मोजतात. ज्या तीन पदार्थांना तुमच्या घरात पुन्हा बोलावणं आलं, ते कोणत्या मासिकातले, हे आधी शोधून काढा. तिन्ही एकाच मासिकातले असतील, तर दुसऱ्याची वर्गणी आजच थांबवा. मात्र तिन्ही इकडून-तिकडून आलेले असतील, तर पुढचं वाचा.

मासिक हाती आलं की मी दोन गोष्टी बघते. माप आणि मुलूख. चित्रं नंतर.

मापाचं आधी. आपल्याकडे १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ छापून आलं, तेव्हा घरात चिपटं, मापटं, शेर, पायली अशी मापं होती. तराजूत तोळे आणि मासे. पुढे मेट्रिक मापं आली, किलो आणि ग्रॅम आले, पण बाईच्या हातात वाटी राहिली. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि घराघरांत गेलं, त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा हेच माप धरलं. नव्यानं संसार मांडलेल्या मुलीला तराजू न काढता रांधता आलं. ‘एक लाख सुनांची सासू’ ही त्यांची ओळख मापाच्या विश्वासावर उभी आहे.

तेव्हा मासिकातली कोणतीही एक पाककृती उघडा आणि विचारा : यात वाटी केवढी? किती माणसांसाठी? आच मोठी की मंद, आणि किती वेळ? कुकर असेल तर शिट्ट्या किती, आणि नंतर वाफ आपोआप जिरू द्यायची की नाही? ‘चवीपुरतं मीठ’ लिहिलेलं मी माफ करते, कारण मीठ घरागणिक बदलतं. पण ‘अंदाजे पाणी’ मी माफ करत नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळतं पाणी किती आणि पीठ कधी मळायचं, यावर भाकरी थापताना चिरणार की नाही हे ठरतं. जिनं ती करून पाहिली आहे तिला हे ठाऊक असतं आणि ती ते लिहिते. जिनं दुसरीकडून उचलून छापली आहे ती ‘अंदाजे’ लिहून मोकळी होते. तेवढ्या एका शब्दावरून मासिक करून छापतं की नुसतं छापतं, हे मला कळतं.

अमेरिकेत ‘कुक्स इलस्ट्रेटेड’ नावाचं एक मासिक आहे. ते जाहिराती घेत नाही आणि एकेक पाककृती स्वतःच्या स्वयंपाकघरात पुन्हा पुन्हा करून मगच छापतं. तसं आपल्याकडच्या प्रत्येक मासिकाला परवडणार नाही, हे मला समजतं. पण जाहिरात आणि पाककृती यांच्यात रेघ कुठे आहे, हे बघणं आपल्या हातात आहे. सलग चार पाककृतींत एकाच कंपनीचा मसाला किंवा एकाच कंपनीचं चीज येत असेल, तर ती पानं विकलेली आहेत असं समजा. असे दोन अंक निघाले तर तिसऱ्याची वाट पाहू नका.

आता मुलूख. हे मला जास्त जिव्हाळ्याचं आहे.

तुमचं माहेर निलंग्याचं. बोरसुरीची तूरडाळ तुमच्याच तालुक्यातली. तिला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच सुमारास कास्तीची कोथिंबीर आणि पानचिंचोलीची चिंच याही लातूर जिल्ह्यातल्या गोष्टींना ते मिळालं. शेजारी कुंथलगिरीचा खवा, तिकडे जालन्याची दगडी ज्वारी. एवढं ज्या मुलखात पिकतं आणि बनतं, तिथल्या वरणावर, आमटीवर, चटणीवर गेल्या दोन वर्षांत तुमच्या ४६ अंकांपैकी किती अंकांनी एक पान दिलं? मला वाटतं, हा हिशेब केलात तर नऊच पदार्थ का झाले, हेही कळेल. झुकिनी नांदेडला सहज मिळत नसेल आणि ओव्हन घरात नसेल, तर ही तुमची उणीव नव्हे. ते पान तुमच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं.

याचं मूळ जुनं आहे. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर’ काढलं, १९३० साली ‘स्त्री’ सुरू झालं. मराठी घरात मासिकातून पाककृती वाचायची सवय लावण्यात अशा मासिकांचा वाटा मोठा. पण त्या वेळी नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. कारभार उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. मराठी छापखाने, संपादक, लेखिका बहुतेक पुण्या-मुंबईकडे. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो, पण तोवर ‘मराठी स्वयंपाक’ म्हणून जे छापून रूढ झालं, त्यात येसरची आमटी नव्हती, मुरमुऱ्यांचा सुशीला नव्हता, चिंचेच्या कोवळ्या पाल्याचा चिगूर नव्हता. आपल्या बायका लिहू शकत नव्हत्या म्हणून हे राहिलं नाही. विचारायला कुणी आलं नाही, म्हणून राहिलं.

आणि तुमचं नांदेड तर आणखी वेगळं. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या घरांत तेलंगणाची आंबट-तिखट चव उतरलेली आहे. धर्माबादच्या बाजारातली लाल मिरची साऱ्या मराठवाड्यात जाते. हैदराबादी वळणाची तहारी आहे, हुजूर साहिबच्या लंगरची डाळ-रोटी आहे, अर्धापूरची केळी आहेत. माहूरच्या रेणुकेचा प्रसाद कुटलेल्या विड्याचा, तांबुलाचा. एका जिल्ह्यात एवढ्या वाटा येऊन मिळतात. त्यातली एकही वाट न चालणारं मासिक वर्षभर घरात घ्यायचं कारण मला दिसत नाही.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. लातूरला असते तेव्हा मी गंजगोलाई धरते, तुम्ही वजिराबाद किंवा इतवारा धरा. अंकातल्या दहा पाककृतींचं सामान त्या बाजारात एका फेरीत कितींचं मिळेल? सहांचं मिळालं तर मासिक घरात यायला हरकत नाही. नवीन काही शिकायला उरलेल्या चार आहेतच, त्यांचा मला राग नाही. दहापैकी दोनच जमत असतील, तर ते वाचायला छान असेल, पण मग ते वाचनालयात वाचावं. आपल्याकडे १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं गावोगावी सार्वजनिक वाचनालयं उभी राहिली. जिल्हा ग्रंथालयात मासिकांचं टेबल असतं. वर्गणी भरण्याआधी तिथे बसून एकाच मासिकाचे मागचे कोणतेही तीन अंक चाळा. एक अंक फसवतो, तीन अंक फसवत नाहीत. एक श्रावणातला, एक दिवाळीचा, एक मार्गशीर्षातला घेता आला तर उत्तम. मार्गशीर्षाच्या अंकात येळवशीचं, म्हणजे वेळ अमावस्येचं, नाव आहे का? सजगुऱ्याचे (बाजरीचे) उंडे, भज्जी, आंबील यांतलं काही आहे का? नसेल तर निदान हुरडा आहे का? मुलूख ओळखायला ही एक अमावस्या मला पुरते.

अंक कधी पोचतो, हेही बघाच. संक्रांतीच्या पाककृती संक्रांत होऊन गेल्यावर हाती आल्या तर त्यांचं काय करायचं? पत्ता नांदेडचा असताना अंक महिन्याच्या कितव्या तारखेला पडतो, ते भिशीतल्या मैत्रिणींना विचारा.

वर्गणी किती वर्षांची भरावी, यावर मी अनुभवानं बोलते. तरुणपणी एका मासिकाची पाच वर्षांची वर्गणी मी एकदम भरली, कारण सवलत मोठी होती. सव्वा वर्षानंतर अंक यायचे थांबले. दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. पैसे गेल्याचं दुःख होतंच. त्याहून जास्त टोचलं ते असं, की तोवर आवडीचं झालेलं एक सदर मधेच तुटलं. मासिकं बंद पडतात, मोठ्या घरची सुद्धा. अमेरिकेतलं ‘गुर्मे’ १९४१ पासून निघत होतं. नामवंत लेखक त्यात लिहीत. ते २००९ साली बंद झालं. तेव्हा एका वेळी एकाच वर्षाची वर्गणी भरा, आजीव वर्गणी तर नकोच. सोबत कढई किंवा डबा भेट मिळतो म्हणून भरू नका. कढई हवी असेल तर कढई घ्या.

मराठीत निव्वळ पाककृतींची अशी मासिकं शोधत बसण्यापेक्षा पाककृती जिथे नांदतात तिथे जावं. ‘माहेर’, ‘मेनका’, ‘गृहशोभिका’ यांसारखी मासिकं, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, दिवाळी अंक, ‘कालनिर्णय’च्या पानांमागचा मजकूर. ‘लोकसत्ता’चा ‘पूर्णब्रह्म’ हा अंक वर्षातून एकदा येतो, पण तो सगळाच खाण्यावर असतो. बारा महिन्यांच्या बारा अंकांपेक्षा असा एक जाड अंक स्वयंपाकघरात जास्त दिवस टिकतो, असं मी पाहिलं आहे.

फोनचं विचारलंत. धपाटा ओल्या फडक्यावर थापून तव्यावर कसा सोडायचा, हे चलच्चित्रात जसं दिसतं तसं कोणत्याही छापील पानावर दिसणार नाही. हाताची हालचाल शिकायला फोन चांगला आहे. पण पिठाच्या हातानं पडदा सरकवताना, मधे जाहिरात आली की आमटी उतू जाते. आणि फोनवरचं उद्या सापडेलच असं नाही. कागदावर पेन्सिलीनं ‘तिखट निम्मं’ लिहून ठेवता येतं. माझ्या आईची कात्रणांची वही आजही माझ्याकडे आहे. तिच्या समासात तिनं लिहिलेलं मला मूळ पाककृतीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. एका कात्रणापुढे फक्त ‘नको’ लिहिलेलं आहे.

तर तुमच्यासाठी माझं मत असं. इंग्रजी मासिक सोडा. ते हवंच असेल तर चौघींनी मिळून एकाची वर्गणी भरा आणि दर आठवड्याला एकीच्या घरी अंक फिरवा. चौथीच्या घरी पोचल्यावर तिघींनी काय करून पाहिलं, हे त्यावर लिहिलेलं असेल. मराठी मासिक तीन अंकांच्या कसोटीला उतरलं तर एक वर्ष ठेवा. दिवाळीत खाण्यावरचा एक अंक घ्या. वाचलेल्या पैशांत एक पुस्तक घ्या : शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. हे २०१५ साली आलं. धाराशिव जिल्ह्यातल्या लेखकानं मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या घरांत काय शिजत होतं, काय मिळत नव्हतं, टंचाईत काय खाल्लं जात होतं, हे त्यात मांडलं आहे. २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवाद झाला आणि जगभरातून त्याची दखल घेतली गेली. आपल्या मुलखातलं अन्न म्हणताना आपण कुणाची चूल धरतो आणि कुणाची वगळतो, हा प्रश्न मला त्या पुस्तकानं घातला. मासिकांच्या गुळगुळीत पानांवर मला तो कधी भेटला नव्हता.

आणि एक दोनशेपानी वही घ्या. भिशीतल्या अकरा जणींची माहेरं कुठली कुठली असतील? कुणी कंधारची, कुणी उदगीरची, कुणी भोकरची. प्रत्येकीनं महिन्याला आपल्या आईचा किंवा सासूचा एकच पदार्थ मापासकट सांगायचा. वर्षाला १३२ पाककृती झाल्या. नऊच्या मानानं बघा.

सुरुवात तुमच्या घरातल्याच आंबिलापासून करा. सासूबाई ‘ताक बेतानं घाल’ म्हणतील. तेव्हा वही बाजूला ठेवा, त्या ज्या पेल्यानं घालतात तो पेला पाण्यानं भरून मापाच्या भांड्यात ओता आणि किती मिली भरलं ते लिहा. पीठ किती मुठी घेतलं तेही त्यांच्याच मुठीनं मोजून, मग वाटीत ओतून बघा. रात्री कितीला कालवलं आणि सकाळी कितीला शिजवलं, ते विसरू नका. थंडीत आंबायला वेळ लागतो, म्हणून येळवस कोणत्या तारखेला होती तीही वर टाका.