चिमीला ते पत्र दाखवूया का?

चिमी हॉस्टेलवरून रडवेली होऊन फोन करते आणि तू तिला म्हणतेस, "आम्ही नाही का राहिलो? आमचे तर ते सोन्याचे दिवस होते." अगं, एवढं एक वाक्य तिच्यापुढे बोलू नकोस. माझ्यावर रागावू नकोस, पण तू कराडहून पुण्याला शिकायला गेलीस तेव्हा धाडलेली आंतरदेशीय पत्रं माझ्याकडे आहेत. आईच्या ट्रंकेत होती. १९८७ च्या पावसाळ्यातली पत्रं वाचशील, तर ती तुझी आहेत हे तुझं तुलाच पटणार नाही.

आठवतंय, तू काय लिहायचीस? पहाटे नळाला पाणी येतं, बादल्यांची रांग लागते. मेसचं जेवण घशाखाली उतरत नाही. प्रॅक्टिकलला मुली भराभर इंग्रजीत बोलतात, मी तोंड उघडत नाही. एका पत्रात तर, "दादांना सांग, मला न्यायला या." हल्ली रामायण मालिकेचा विषय निघाला की तू सांगतेस, रविवारी सकाळी आम्ही सगळ्याजणी रेक्टरबाईंकडे दाटीवाटीनं बसून बघायचो. पत्रात मात्र लिहिलंयस, सगळ्या टीव्हीपुढे असतात, तेव्हाच नळ मोकळा सापडतो, म्हणून मी कपडे धुऊन घेते. तू खोटं सांगतेस असं मला मुळीच म्हणायचं नाही. कधीतरी बसलीही असशील तिथे. तोच एक रविवार मनात राहिला, बाकीचे पुसले गेले.

हे सगळ्यांचंच होतं. कॅलिफोर्नियात तीन आठवड्यांच्या सायकल सहलीवर गेलेल्या विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी सहलीआधी, सहलीत आणि सहलीनंतर कसं वाटतं ते विचारलं होतं. १९९७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वाटेत बरेचजण कंटाळले, निराश झाले होते, पण घरी आल्यावर सहल छानच झाली म्हणू लागले. वाईट प्रसंग लक्षात राहतो, त्याची बोच मात्र चांगल्या प्रसंगातल्या आनंदापेक्षा लवकर बोथट होते. शिवाय उतारवयात माणसाला जे भरभरून आठवतं, त्यातलं पुष्कळसं दहा ते तीस या वयातलं असतं. पहिली मैत्रीण, पहिली नोकरी, पहिल्यांदा एकटीनं केलेला एसटीचा प्रवास, सगळं तिथेच असतं ना!

पण मला त्याहून मोठं कारण दिसतं. पुढे काय झालं ते आज तुला माहीत आहे. तू पास झालीस, नोकरी लागली, त्या इंग्रजीवाल्या मुलींपैकी एक तर तुझी जिवाभावाची मैत्रीण झाली. तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आपलं कसं होणार, ही धाकधूक रात्रंदिवस छातीवर होती, आणि आठवणीतून नेमकी तीच गळून गेलीय. चिमी आज त्या धाकधुकीत उभी आहे. तिला तुझे सोन्याचे दिवस ऐकवलेस की तिला वाटतं, सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही. मग ती फोनवर रडायचीही थांबेल. मला भीती आहे ती त्याची.

तुझी पत्रं घरी पोचायला तीन-चार दिवस लागायचे. तोवर तुझं रडू ओसरलेलं असायचं, आणि ते तू आम्हाला कळवायची नाहीस. चिमीचं रडू त्याच क्षणी तुझ्या कानावर येतं, म्हणून तुलाही ते सोसवत नाही, हे मला कळतं. तरी आईनं काय केलं ते आठव. एकदाही "आमच्या वेळी" म्हणाली नाही. मेतकूट, तूप आणि रव्याचे लाडू बांधून ओळखीच्या कंडक्टरकडे दिले, आणि दादांना एका शनिवारी तुझ्याकडे धाडलं.

जुने दिवस टाकून दे असं मी म्हणत नाही. आपण दोघी बसू तेव्हा रात्रभर त्यावर बोलू, मलाही ते हवं असतं. पण चिमीला आधी विचार, पाणी येतं का, जेवतेस काय, वर्गात कोण बोलतं तुझ्याशी. जमलं तर येत्या शनिवारी तिच्याकडे जाऊन ये. आणि "मला न्यायला या" असं लिहिलेलं ते ऑगस्टचं पत्र तिला दाखवायला तुझी हरकत नसेल तर सांग. पत्र तुझं आहे, तुला विचारल्याशिवाय देणार नाही. तू हो म्हणालीस तर फोटो काढून आजच तिला पाठवते.